ना नफा ना तोटा

चंदीगडात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "मूळचे कुठले?" आणि दुसरा, "इथं चकलीची भाजणी कुठं मिळते हो?" पहिल्याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. दुसऱ्याचं उत्तर दोन वर्षं मी होते. भाजणी माझ्याकडे मिळायची, चकल्या मिळायच्या, करंज्या, अनारसे, चिवडा, सगळं. आता मिळत नाही. म्हणजे मिळतं, पण मराठी लोकांना नाही. हे असं का झालं ते मीच सांगून टाकते, कारण माझ्या पाठीमागे जे सांगितलं जातं ते एवढंच, की ती बाई पैशाला हपापलेली निघाली.

हपापलेली! घ्या.

मी साताऱ्याची. नवरा फौजेत. त्याचं पोस्टिंग चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत झालं तेव्हा आम्ही इकडे आलो, आणि पुढचं पोस्टिंग आलं तेव्हा तो एकटा गेला, मी गेले नाही. का गेले नाही ते मी कुणाला सांगत नाही. त्यात दारू नव्हती, मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती, त्यामुळे लोकांना मला दोषी धरायला फार सोपं गेलं. मुलगी इथल्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करत होती. तिचा खर्च तो करणार आणि माझं मी बघणार, असं आमचं ठरलं. क्वार्टर सुटल्यावर सेक्टर ३८ मध्ये एका सरदारणीच्या कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला मी भाड्याने घेतला.

"माझं मी बघणार" हे म्हणताना मान ताठ होती. घरी येऊन दार लावल्यावर मात्र तोंडचं पाणी पळालं. वीस वर्षं मी केलं काय होतं? बदली झाली की सामान बांधायचं, नव्या ठिकाणी पडदे लावायचे, त्याच्या साहेबांना जेवायला बोलवायचं आणि "मॅडम, वंडरफुल" ऐकून घ्यायचं. याला अनुभव म्हणत नाहीत. नोकरीला विचारायला गेले की समोरचा विचारायचा, आजवर काय करत होतात? मी म्हणायचे, घरीच होते. की संपलं.

भावाचा साताऱ्याहून दर रविवारी फोन. "ताई, ये की इकडं. वरची खोली रिकामीच आहे. तू काय जड आहेस का आम्हाला? हिलापण तेवढीच मदत होईल."

तेवढीच मदत. भाऊ वाईट नाही, पण ती वरची खोली मला स्पष्ट दिसत होती. सकाळी खाली उतरायचं, भावजयीच्या ओट्याशी उभं राहायचं, तिच्या भिशीच्या बायकांना पोहे द्यायचे आणि जन्मभर "बिचारी आत्या" म्हणवून घ्यायचं. सरदारणीला दर महिन्याला भाडं देता आलं तर मी इथे राहणार होते, नाही देता आलं तर त्या खोलीत. माझ्यापुढे दोनच दारं होती, तिसरं नव्हतं.

म्हणून चकल्या. मला येत होतं ते एवढंच.

पहिल्या वर्षी ओळखीच्या चार घरी विचारलं आणि दिवाळीचा फराळ करून दिला. चक्कीवाल्याने भाजणी बघून डोक्याला हात लावला. "मैडम, दाल भी, चावल भी, धनिया भी? चक्की में बास रह जाएगी." त्याच्या हातापाया पडून, मक्याचं पीठ झाल्यावर माझं दळून घेतलं. पातळ पोहे मिळेनात, ते साताऱ्याहून मागवले. आणि मग आला किमतीचा प्रश्न. किंमत कशी लावायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी साधा हिशेब केला. सामान, गॅस, डबे. आणि खालच्या मजल्यावर सरदारणीकडे स्वयंपाकाला जी बाई यायची, तिला तासाला जे पैसे पडायचे तेवढेच माझ्या तासाला. तिच्याहून एक रुपया जास्त नाही. सासूने डोळ्यांत पाणी येईपर्यंत शिकवलेला अनारसा, वीस दिवाळ्यांचा हात, ते सगळं मी फुकटात घातलं. फक्त तास धरले.

मुलगी समोर बसून तिचं पुस्तक वाचत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. "मम्मा, ये सही किया आपने," ती म्हणाली. "लोग अपना टाइम जोड़ते ही नहीं. वही तो असली कॉस्ट है." मला फार बरं वाटलं. आपण जे घाबरत घाबरत केलं ते छापील पुस्तकात आहे म्हटल्यावर वाटणारच.

फराळ गेला. भाडं दिलं. वर थोडे उरले त्यातून जाड बुडाची कढई घेतली.

आता मंडळ. इथल्या आम्हा मराठी लोकांचा एक गट होता. नोंदणी नाही, पाटी नाही, फोनवरचा एक ग्रुप आणि सणावारी कुणाच्या तरी घरी जमणं, त्यालाच आम्ही मंडळ म्हणायचो. डॉक्टर, विद्यापीठातले प्राध्यापक, सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, फौजेतली बदलती कुटुंबं. सगळ्यांत ज्येष्ठ एक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. निवृत्त झालेले, पण निवृत्त म्हणजे काय, आता खासगी दवाखान्यात बसायचे. त्यांचा शब्द शेवटचा. दुसऱ्या दिवाळीच्या आधी त्यांच्या घरी बैठक झाली आणि त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "वहिनी, यंदा फराळ सगळ्या मंडळाचा तुमच्याकडे. शंभर घरांची ऑर्डर देतो. मात्र एक. आपल्याच माणसांत आहे, तेव्हा ना नफा ना तोटा तत्त्वावर."

ना नफा ना तोटा! हे शब्द मराठी माणसाने उच्चारले की त्याच्या चेहऱ्यावर कसं तेज चढतं बघा. जणू काही सोवळं नेसून बोलतोय. खोलीतल्या माना डोलल्या. कुणी तरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग डॉक्टरांनी स्वतः हिशेब मांडला. सेक्टर २६ च्या बाजारात बेसन काय भाव, साखर काय भाव, तूप, तेल, खोबरं, सगळे भाव त्यांनी आणून ठेवले होते. माणूस कष्टाळू, नाही म्हणणार नाही. तोंडी बेरीज करत करत ते तेलापाशी आले आणि थांबले. "तळून जे तेल उरेल ते तुमच्या घरात राहीलच ना वहिनी? मग ते वजा करायला हवं."

मला आधी वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. उरलेलं तेल वजा झालं.

मी म्हटलं, "आणि मजुरी, डॉक्टर?"

"कुणाची?"

"माझी."

ते खरंच गोंधळले. वाईट हेतू नव्हता हो, तेच तर जास्त लागलं. म्हणाले, "अहो, पण तुम्ही घरीच असता ना?"

सेक्टर ३९ वाल्या शास्त्रज्ञांनी मध्ये पडून मला समजावलं. प्रेमाने, लहान मुलीला समजवावं तसं. "वहिनी, व्हॉल्यूम बघा तुम्ही. किलोमागे कमी सुटलं तरी माल केवढा जाणार! शेवटी बेरीज मोठीच येते." आता ज्या वस्तूवर एका किलोत शून्य सुटतं तिच्यावर शंभर किलोत किती सुटणार, हे या मोठ्या विज्ञानवाल्याला मी सांगायचं? बेसनाचं पोतं घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं, मान्य. पण चकली घाऊक पडत नाही. सोऱ्यातून ती एकेकच पडते, आणि तिथे माझंच मनगट लागतं.

तरी मी हो म्हटलं. कारण त्या खोलीत सगळे मराठी बोलत होते. माझ्या घरात मुलगी हिंदी, खाली सरदारणी पंजाबी, भाजीवाला, चक्कीवाला सगळे हिंदी. "वहिनी" म्हणणारी माणसं माझ्यापाशी एवढीच उरली होती. नवरा सुटला तरी वहिनी सुटली नव्हती, कुणाची ते विचारू नका. शिवाय डॉक्टरांनी गॅसपायी म्हणून काही रक्कम वर घातली आणि तीही अशा उदारपणे, की नाही म्हणणं म्हणजे मीच कोती.

घरी सांगितल्यावर मुलगी हसत सुटली. "मम्मा, ये तो प्राइस सीलिंग है! एकदम टेक्स्टबुक. अब देखना क्या होता है."

"भाव बांधून दिला तर काय होतं?"

"पहले सब माँगेंगे. फिर मिलेगा नहीं. फिर जान-पहचान चलेगी. फिर ब्लैक."

पोरगी परीक्षेला उत्तर लिहावं तसं सांगत होती. मी चिडले. म्हटलं, ही आपली माणसं आहेत, तुझ्या पुस्तकातली नाहीत. तिने खांदे उडवले.

पुस्तकातल्यासारखंच झालं. इतकं स्वस्त म्हटल्यावर जो तो पाव किलोच्या जागी दोन किलो सांगायला लागला. पहिल्या वर्षी ज्या बाईंनी नेमकं घरच्यापुरतं घेतलं होतं, त्यांनी यंदा नवऱ्याच्या खात्यातल्या सगळ्यांना वाटायला डबे सांगितले. "एवढ्यात तर इथली सोनपापडीही येत नाही," त्या मलाच कौतुकाने म्हणाल्या. मी हाताखाली एक बिहारी बाई ठेवली. ती चांगली होती, पण तिने पहिल्याच दिवशी दिवसाचा रोज ठरवून घेतला, बाजारात चालतो तो, आणि मंडळाचं नाव सांगून ती काही ऐकणार नव्हती. बरोबरच आहे. गंमत बघा, माझ्या ओट्याशी दोघी जणी उभ्या, चकल्या दोघी पाडतोय, त्यातली एक मजुरी घेते आणि दुसरी तत्त्व पाळते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात स्पष्ट झालं की सगळ्यांना पुरणार नाही. करंज्यांची कड दुमडून दुमडून माझ्या उजव्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या होत्या. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, काळजी करू नका, वाटप आम्ही बघतो. आणि बघितलं की! तयार डबे त्यांच्या घरी गेले. आधी बैठकीला टाळ्या वाजवणाऱ्यांचे निघाले, मग त्यांच्या भावजया, मग शेजारी. सेक्टर ३९ च्या वसतिगृहातल्या पोरी, ज्या आयुष्यात पहिल्यांदा दिवाळीला घराबाहेर होत्या आणि ज्यांनी इवलीशी ऑर्डर दिली होती, त्यांच्या तोंडाला पानं पुसली. त्यातली एक माझ्या दारात आली. "काकू, दोन चकल्या असतील का? विकतच." मी माझ्या घरच्यासाठी ठेवलेल्या दिल्या. तिने पैसे पुढे केले, मी ते घेतले नाहीत, आणि नंतर बसून विचार केला की हीच एक पैसे द्यायला तयार होती आणि हिच्याकडूनच मी घेतले नाहीत. धन्य माझी.

मंडळाचे पैसे आले, ठरलेले, वेळेवर. त्यातून सामान गेलं आणि बिहारी बाईचा रोज गेला, तोही अपुरा पडला. भाड्याची तारीख समोर. वर अकरा महिन्यांचा करार संपत होता आणि सरदारणी भाडं वाढवणार होती, तेही रीतीला धरून. भावाला फोन करावा लागणार, हे मला दिसायला लागलं. फोन हातात घेऊन दोनदा खाली ठेवला.

तेवढ्यात सरदारणी स्वतः जिना चढून आली. तळणाचा वास आठवडाभर तिच्या घरात जात होता. एक चकली तोंडात टाकली, डोळे मोठे केले. "बड़ी करारी है जी. मेरी किटी पार्टी के लिए बना दोगे? क्या रेट है?" मी पहिल्या वर्षीचा दर सांगितला, माझ्या तासांसकट. ती लगेच म्हणाली, "कुछ तो कम करो." मी थोडं कमी केलं. ती थोडं वर आली. झालं. तिने एकदाही विचारलं नाही की तुम्हाला यात काय सुटतं. तिला चकली हवी होती, मला भाडं हवं होतं. मी कुणाची वहिनी नव्हते आणि ती माझ्यावर उपकार करत नव्हती. इतकं हलकं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी किटीसाठी केलं. मग तिच्या नणंदेसाठी केलं. भाडं गेलं. वाढीव भाड्यालाही हो म्हटलं.

आणि महिन्याभरात मला डॉक्टरांच्या घरी बोलावणं आलं.

झालं असं होतं की एका प्राध्यापकांच्या बायकोने तिच्या पंजाबी मैत्रिणीकडे चकली खाल्ली आणि ओळखली. माझ्या चकलीला तीळ जास्त असतात आणि शेवटचं टोक मी आत दाबते. तिने भाव विचारला. तो मंडळाच्या भावापेक्षा बराच वर होता. बस्स. ग्रुपवर लिहिलं गेलं की आपली माणसं रांगेत आणि माल बाहेर ब्लॅकने.

मी गेले तेव्हा बैठकीची खोली भरलेली होती. चहा आला. चहा मात्र सगळ्यांना पुरला.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मनाला लागलं आमच्या. आपल्या लोकांना मिळालं नाही आणि तुम्ही बाहेर नफा कमावलात."

"तो नफा नव्हता," मी म्हटलं. "माझी मजुरी होती. खालच्या स्वयंपाकाच्या बाईच्या दराने."

"काहीही म्हणा. तत्त्वाचा प्रश्न आहे."

माझं डोकं सटकलं. मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही आता खासगीत बसता. मराठी माणसाचा अपेंडिक्स ना नफा ना तोटा काढता का? निवृत्त झालात, म्हणजे घरीच असता की तुम्हीही."

शास्त्रज्ञ खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टर लाल झाले. "ते वेगळं आहे. त्यामागे शिक्षण आहे, वर्षांची तपश्चर्या आहे."

"आणि अनारसा आपोआप जाळी धरतो?"

मला वाटलं होतं निदान बायका माझ्या बाजूने असतील. त्याच ओट्याशी त्याही उभ्या राहतात, त्यांच्याही मनगटात कळा येतात. पण सगळ्यांत कडवट त्याच झाल्या. डॉक्टरांची बायको, जी तोवर ट्रे घेऊन उभी होती, ती म्हणाली, "आम्हीही करतोच की सगळं घरी. चाळीस वर्षं करतेय मी. मी मागितले का कधी पैसे?"

तिने ट्रे टेबलावर आदळला. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला एकदम कळलं की ही माझ्यावर का चिडली आहे. माझ्या तासाला जर किंमत असेल, तर तिच्याही तासाला होती. चाळीस वर्षांच्या सगळ्या तासांना होती, आणि ती कुणी दिली नव्हती. त्यापेक्षा माझ्या तासाला किंमत नाही असं म्हणणं तिला सोयीचं होतं. नफा वाईट, पैसा वाईट, वहिनी हपापलेली. म्हणजे मग हिशेबच करायला नको.

तिला हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही. मी कप तसाच ठेवला आणि उठले. जाताना माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, "एकटी बाई, पैसाच बघणार." पायऱ्या उतरताना रडू आलं ते त्या वाक्याचं नव्हे. ते मराठीत होतं, याचं रडू आलं.

पुढच्या दिवाळीला मंडळाने फराळ पुण्याहून मागवला, कुरिअरने. भाव माझ्या पहिल्या वर्षीच्या भावाच्या दुप्पट, वर कुरिअरचे वेगळे. ती वसतिगृहातली पोरगी मला सगळं सांगायची. चकल्यांचा चुरा झाला होता आणि करंज्या खवट लागत होत्या. ग्रुपवर एकाही माणसाने म्हणे विचारलं नाही की त्या पुण्याच्या दुकानदाराला यात काय सुटतं. उलट, "पुण्याचं आहे म्हटल्यावर किंमत असणारच." म्हणजे नफ्याचं वावडं नव्हतंच. तो दूर बसलेल्या, दुकानाची पाटी असलेल्या माणसाला चालतो. समोरच्या जिन्यावर राहणाऱ्या, नवऱ्याबरोबर न गेलेल्या बाईला चालत नाही. आणि मला वर्षभर नाकाने कांदे सोलून तत्त्व शिकवलं ते यांनी!

पंजाबी लोक काही देवमाणसं नाहीत. एका बाईने चार खेपा घालायला लावून पैसे दिले. सेक्टर ३५ मधल्या एकीने माझ्याकडून करंजी शिकून घेतली आणि आपल्या स्वयंपाक्याकडून करवून विकायला लागली, माझ्यापेक्षा स्वस्त. मी तिला शिव्या दिल्या, मग बाकरवडी सुरू केली. तिला ती जमत नाही. हे सगळं त्रासाचं आहे, पण यात मला कुणी माझ्या चांगुलपणाची शपथ घालत नाही. भाऊ अजून रविवारी फोन करतो. वरच्या खोलीत आता त्याने धान्याच्या कोठ्या ठेवल्यात. ऐकलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

मी इथे राहिले. जे पणाला लागलं होतं ते मी जिंकले, असं म्हणायला हरकत नाही. सणाला मला कुणी बोलावत नाही. दिवसच्या दिवस मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही. स्वयंपाकघरात फडताळावर, फोनवरून पैसे आले की किती आले ते मोठ्याने सांगणारी, दुकानात असते तसली डबी ठेवली आहे. बाई, तीही हिंदीच बोलते.

यंदाची गोष्ट. मुलगी आता एम.ए. करते आणि दुपारी शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेते, अर्थशास्त्राच्याच, तासावर. तासाला एक पैसा कमी घेत नाही, आणि एखादं पोर पाच मिनिटं जास्त बसलं तर कपाळाला आठ्या घालते. मला त्याचा अभिमान होता. दिवाळीच्या पंधरवड्यात मी चकल्या तळत असताना ती आत आली, ओट्यावर बसली, एक गरम चकली उचलून फुंकर मारत म्हणाली, "मम्मा, बीस डिब्बे चाहिए. डिपार्टमेंट में सबको बोल दिया है, मेरी तरफ़ से."

"वीस? ऑर्डरी तुंबल्यात माझ्या. वीस डबे म्हणजे दोन दिवस जातात."

"तो क्या हुआ? आप तो घर पे ही हो ना."

तिच्या तोंडून ते सहज निघालं. डॉक्टरांच्या तोंडून निघालं होतं तितकंच सहज. झारा माझ्या हातात तसाच राहिला. हीच ती पोरगी, जिने माझ्यासमोर बसून मला सांगितलं होतं की खरी किंमत वेळेची असते.

मी म्हटलं, "दर माहीत आहे ना?"

ती हसली. मग मी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. "सीरियसली? मुझसे?"

"सामान, गॅस, डबे आणि माझे तास. सगळ्यांना लावते तोच."

"मम्मा, मैं आपकी बेटी हूँ."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "डॉक्टरांनी नाही दिले ते मी सोसलं. तुझ्या बापाने कधी मोजले नाहीत तेही सोसलं. तू तरी फुकट मागू नकोस गं."

हातातली अर्धी चकली तिने ओट्यावर ठेवली, फोन काढला आणि अंगठ्याने भराभर काहीतरी केलं. फडताळावरची डबी ठणठणीत आवाजात बोलली, इतके इतके रुपये प्राप्त हुए. पूर्ण रक्कम होती. तिने सरदारणीसारखी घासाघीसही केली नाही.

मग ती ओट्यावरून उतरली, दारापाशी थांबली, आणि कितीतरी वर्षांत बोलली नव्हती तशी मराठीत बोलली, तेही स्वच्छ, माझ्या आईसारखं. "झालं समाधान तुझं, आई?"

नव्हतं झालं. कढईतल्या चकल्या काळ्या पडत चालल्या होत्या, त्या मी काढल्या. पैसे मात्र परत केले नाहीत.